चोखणीच्या आधी पाळणाघर

प्रति,
मा. मंत्री महोदया,
महिला व बालविकास विभाग,
मध्य प्रदेश शासन, भोपाळ.



तान्ह्या बाळाला चोखणी द्यावी की नाही, या प्रश्नावर हे पत्र आहे. हा घरातला, आई आणि आजीच्या बोलण्यातला प्रश्न आहे, तो मंत्र्यांपर्यंत कशाला न्यायचा, असं पुष्कळांना वाटेल. मला तो न्यावासा वाटतो, कारण आमच्या शहपुऱ्यात या प्रश्नाचं उत्तर घरात ठरत नाही. ते शेतात, मजुरीच्या वेळेवर आणि तुमच्या खात्याच्या योजनांवर ठरतं. पत्राची हिंदी प्रत आपल्या कार्यालयाकडे पाठवते आहे. मराठीत छापायला देते आहे, कारण जबलपूर, सागर, इंदूर, ग्वाल्हेरमधली मराठी घरं याच राज्यात नांदतात आणि याच बाजारातून चोखण्या विकत घेतात. शिवाय पुढे जे सांगणार आहे त्यातला एक मोठा भाग मराठी बायकांच्या इतिहासाचा आहे.

शहपुरा आपल्या नकाशावर असेलच. जबलपूरहून भोपाळकडे जाणाऱ्या रस्त्यावरचं तहसिलीचं गाव. रेल्वेचं स्टेशन भिटौनीचं, म्हणून लोक दोन्ही नावं जोडून शहपुरा-भिटौनी म्हणतात. हिवाळ्यात हा सगळा पट्टा मटाराचा असतो. जबलपूर जिल्ह्याची ओळख म्हणून सरकारनं ‘एक जिल्हा एक उत्पादन’ योजनेत मटारच निवडला आहे. तोडणी हातानं करावी लागते, बहुतेक बायकाच करतात, आणि त्यांतल्या कितीतरी जणींच्या कडेवर पोर असतं. बांधावर दुपटं अंथरलेलं असतं, बाभळीच्या सावलीत लुगड्याची झोळी टांगलेली असते, आणि झोळीतल्या बाळाच्या गळ्यात काळ्या दोऱ्यात ओवलेली रबरी चोखणी असते. आठवडी बाजारात ती काजळाच्या डब्या आणि काळ्या मण्यांच्या शेजारी मिळते. सुटी, धुळीत, कुठलीही खूण नसलेली. हीच वस्तू जबलपूरच्या मोठ्या दुकानात सिलिकॉनची, झाकणाच्या डबीत, महिन्यांप्रमाणे वेगवेगळ्या मापांत मिळते.

मी शाळेत शिकवत असे. माझ्या हाताखाली शिकलेल्या मुली आता आया झाल्या आहेत. काही नोकरीला जबलपूरला जातात, काही शेतावर. दोन्हीकडच्या मला एकच प्रश्न विचारतात: द्यावी का?

माझं उत्तर मी लपवत नाही. अंगावरचं दूध बाळाला नीट लागल्यावर, म्हणजे साधारण महिनाभरानंतर, झोपवताना दिली तर चालेल. दोऱ्यात ओवून गळ्यात बांधायची नाही. मधात, गुळाच्या पाण्यात, घुट्टीत बुडवायची नाही. भूक लागलेल्या बाळाला दुधाच्या जागी द्यायची नाही. उकळून घ्यायची, चिरली की टाकून द्यायची आणि दोन वर्षांच्या आसपास सोडवायची. हे सगळं पाळता येत असेल तर चोखणी देणारी आई काही वाईट करत नाही, आणि न देणारी काही चुकवत नाही.

अडचण ‘पाळता येत असेल तर’ या शब्दांपाशी आहे. ती सांगण्याआधी डॉक्टर मंडळी काय म्हणतात ते थोडक्यात मांडते, कारण सुशिक्षित घरांत यावरून बराच गोंधळ आहे. लेकीच्या बाळंतपणाला अमेरिकेत गेलेली आपली आजी गुटीची सहाण बरोबर नेते आणि तिथला डॉक्टर तिच्या नातवाला झोपताना चोखणी द्या म्हणून सांगतो. तिला वाटतं, आपण चाळीस वर्षं ज्याला वाईट सवय म्हणत आलो ते हे लोक औषधासारखं लिहून देतात. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीनं २००५ साली हा सल्ला दिला आणि पुढे तो कायम ठेवला. तिकडे निरोगी दिसणारं बाळ झोपेत, कुठलंही कारण न सापडता दगावण्याची भीती फार मोठी मानली जाते. झोपताना चोखणी घेणाऱ्या बाळांत असे मृत्यू कमी आढळले. का, हे कुणाला नेमकं उलगडलेलं नाही, पण आढळले, म्हणून सल्ला दिला. त्या सल्ल्यातही अटी आहेत. अंगावर पिणाऱ्या बाळाला दूध नीट लागेपर्यंत थांबायचं, बाळाला नको असेल तर जबरदस्ती करायची नाही, झोपेत तोंडातून पडली तर पुन्हा घालायची नाही.

दुसऱ्या बाजूला जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ. त्यांनी १९८९ साली प्रसूतिगृहांसाठी दहा पायऱ्या घालून दिल्या. त्यांतली नववी सांगत होती की अंगावर पिणाऱ्या बाळाला कृत्रिम बोंडी किंवा चोखणी देऊच नका. २०१८ साली त्याच पायरीचे शब्द बदलले. आता ती म्हणते की बाटली, बोंडी आणि चोखणी यांचा वापर आणि धोके आईला समजावून सांगा. बंदीच्या जागी समजावणं आलं. याला आधारही होता. पूर्ण दिवसांच्या निरोगी बाळांवरच्या दोन नीट आखलेल्या अभ्यासांत, मिळून १३०२ बाळांत, चोखणी दिल्यानं चार महिन्यांपर्यंतच्या स्तनपानावर परिणाम झालेला दिसला नाही.

पण महोदया, ते अभ्यास कोणत्या आयांवर झाले ते पाहावं. ज्यांनी अंगावर पाजायचं मनाशी पक्कं ठरवलं होतं आणि ज्यांना ते करता येत होतं, अशा आयांवर. बाळ रडलं की पदराखाली घ्यायला त्या जवळ होत्या. शहपुऱ्याच्या शेतातली आई सरीच्या दुसऱ्या टोकाला असते. तोडलेल्या मटाराच्या वजनावर तिची मजुरी असते. बाळ जितकं ओढतं तितकं दूध येतं, हा आईच्या शरीराचा साधा हिशेब आहे. बाळ दिवसाचे चार-पाच तास रबर ओढत राहिलं तर अंगावरचं दूध आटतं, मग बाटली येते, बाटलीबरोबर पातळ केलेलं वरचं दूध येतं, आणि वैशाखापर्यंत हगवण. आपल्या देशात जन्मल्यापासून पहिल्या तासात अंगावर घेतली जाणारी बाळं १०० पैकी ४२ सुद्धा भरत नाहीत. पहिले सहा महिने केवळ आईचंच दूध मिळणारी ६४ च्या आतबाहेर आहेत. हे २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीतले आकडे आहेत. आणि २०२० च्या नमुना नोंदणीत आपल्या मध्य प्रदेशात दर हजार जन्मांमागे ४३ बाळं वर्षाच्या आत गेली. देशाची सरासरी २८ होती, आपलं राज्य सगळ्यांत मागे होतं. ही बाळं मुख्यतः कमी दिवसांची म्हणून, जन्मताना गुदमरल्यानं, जंतुसंसर्गानं, न्यूमोनियानं आणि हगवणीनं जातात. ज्या भीतीपोटी अमेरिकेत चोखणी देतात, ती भीती आपल्याकडे या रांगेत फार मागे उभी आहे. म्हणून तिकडचा सल्ला जसाच्या तसा शहपुऱ्यात आणता येत नाही. आणि दहा पायऱ्यांतली जुनी बंदीही आणता येत नाही.

चोखण्याची ओढ बाळ पोटातूनच घेऊन येतं. सोनोग्राफीत अंगठा चोखणारा गर्भ दिसतो. चोखणं, गिळणं आणि श्वास यांचा मेळ मात्र साधारण चौतिसाव्या आठवड्याच्या सुमाराला बसतो. त्याआधी जन्मलेल्या बाळांना नळीनं दूध द्यावं लागतं, आणि त्या काळात त्यांना चोखायला काही दिलं तर ती लवकर तोंडानं पिऊ लागतात, दवाखान्यातून लवकर घरी येतात. सुई टोचताना चोखणारं बाळ कमी कळवळतं. नवजात अतिदक्षता कक्षातली सिस्टर अडीच किलोच्या आतल्या बाळाला चोखायला देते तेव्हा ती त्याला खायला शिकवत असते. ‘चोखणी वाईटच’ असं म्हणणाऱ्या माझ्या पिढीच्या बायकांना मी हे आवर्जून सांगते.

तोटेही खरे आहेत. फिनलंडमध्ये आयांना चोखणी झोपण्यापुरतीच ठेवा म्हणून समजावलं, तर त्यांच्या मुलांत कानाच्या मध्यभागाची सूज आणि पू होण्याचं प्रमाण २९ टक्क्यांनी कमी झालं. तीन वर्षांनंतरही चोखणी तोंडात राहिली तर पुढचे वरचे-खालचे दात एकमेकांना टेकेनासे होतात, टाळू अरुंद होतो. वेळेत सोडवली तर बराचसा फरक आपोआप भरून येतो. अंगठ्याचंही तेच होतं, फक्त अंगठा काढून ठेवता येत नाही.

मधाबद्दल मात्र मी सौम्य बोलणार नाही. आपल्या घरांत जन्मलेल्या बाळाच्या जिभेवर सोन्यानं मध लावतात, आणि चोखणी मधात बुडवून देणं हे त्याचंच लांबलेलं रूप आहे. मधात एका जिवाणूचे बीजाणू असू शकतात. मोठ्यांना त्यांचं काही होत नाही, पण वर्षाच्या आतल्या बाळाच्या आतड्यात ते वाढतात, विष तयार करतात आणि बाळ लुळं पडतं, दूध ओढेनासं होतं, श्वास थांबू शकतो. २०१८ साली अमेरिकेत टेक्सास राज्यात चार बाळांना हाच आजार झाला. चौघांनाही मध भरलेल्या चोखण्या दिल्या होत्या, त्या मेक्सिकोतून आणलेल्या होत्या. गोडाची ही युक्ती जगभर जुनी आहे. आल्ब्रेख्त ड्यूरर या जर्मन चित्रकाराच्या १५०६ सालच्या चित्रात मांडीवरच्या बाळ येशूच्या हातात कापडाची पुरचुंडी आहे. अशा पुरचुंडीत गोड काहीतरी बांधून मुलांना चोखायला देत.

आता ज्यासाठी हे पत्र लिहायला बसले त्या गोष्टीकडे येते. बाळाला गप्प करण्याची गरज कुणाला आणि का पडते?

शंभर वर्षांपूर्वी मुंबईच्या कापडगिरण्यांत हजारो बायका काम करत होत्या. रत्नागिरी, सातारा, घाटावरची गावं सोडून आलेल्या. सकाळी भोंगा झाला की खोलीतलं बाळ कुणाच्या तरी भरवशावर टाकून जायचं आणि अंधार पडल्यावर परत यायचं. ही बाळं दिवसभर कशी राहत होती? अफूवर. छोट्या गोळ्या मिळत, त्यांना बाळगोळी म्हणत. सकाळी एक चारली की बाळ झोपून राही. गिरणीकामगार बायकांच्या बाळंतपणाची परिस्थिती पाहण्यासाठी सरकारनं डॉ. बार्न्स या डॉक्टर बाईंना नेमलं होतं. त्यांचा अहवाल १९२२ साली मुंबईच्या ‘लेबर गॅझेट’मध्ये आला. त्यांच्या पाहण्यानुसार कामगार बायकांच्या १०० बाळांपैकी ९८ बाळांना अफू दिली जात होती. पुढे कामगारांविषयीच्या रॉयल कमिशनसमोरही हीच गोष्ट आली. १९३१ च्या अहवालात कमिशननं या प्रकाराची नोंद घेतली आणि जिथे पुष्कळ बायका काम करतात तिथे पाळणाघरं हवीत असं सुचवलं.

मी हे वाचलं तेव्हा त्या आयांचा राग मला आला नाही, आणि कुणाला येऊ नये. त्या अडाणी होत्या म्हणून अफू देत नव्हत्या. बाळाला धरणारं कुणी नव्हतं म्हणून देत होत्या. त्या काळचे शहाणे लोक मात्र बायकांच्या अज्ञानावर लेख लिहीत होते. उपाय लेखांनी झाला नाही. उपाय सुरू झाला तो मजुरीच्या आणि बाळंतपणाच्या कायद्यांनी. २८ जुलै १९२८ रोजी मुंबई विधिमंडळात प्रसूतिलाभाच्या विधेयकावर बोलताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी बाळंतपणाआधी आणि नंतर आईला विश्रांती मिळणं हे देशाच्या हिताचं आहे, असा मुद्दा मांडला. १९२९ साली मुंबईत कायदा झाला. आणि महोदया, १९३० साली तसाच कायदा मध्य प्रांतात झाला. नागपूर ज्याची राजधानी आणि जबलपूर ज्याचा मोठा जिल्हा, तो हाच प्रांत. स्वातंत्र्यानंतर १९४८ च्या कारखाने कायद्यानं ५० हून जास्त बायका असलेल्या कारखान्यात पाळणाघर बंधनकारक केलं, पुढे हा आकडा ३० वर आणला. २०१७ च्या दुरुस्तीनं संघटित नोकरीतल्या आईला २६ आठवड्यांची भरपगारी रजा दिली आणि ५० माणसं कामाला असतील तिथे पाळणाघर सक्तीचं केलं.

२६ आठवडे म्हणजे सहा महिने. डॉक्टर सांगतात की सहा महिने केवळ आईचं दूध द्या. कायद्यानं हे दोन्ही एका मापात बसवले. पण कुणासाठी? मटार तोडणाऱ्या बाईला रजा कुठली? तिला पहिल्या मुलाच्या वेळी प्रधानमंत्री मातृवंदना योजनेचे ५,००० रुपये मिळतात. आपल्या राज्यानं २०१८ पासून नोंदणी झालेल्या असंघटित कामगार बायकांसाठी १६,००० रुपयांची प्रसूती मदत ठेवली, हे चांगलंच केलं आणि ते मी इथे मुद्दाम लिहिते. मात्र पैसे मिळतात म्हणून तोडणीचा हंगाम थांबत नाही. तो दोन-तीन महिन्यांचा असतो आणि वर्षाचा मोठा आधार असतो. बाई जाणारच.

जबलपूर जिल्ह्याचं दुसरं जुनं काम विड्यांचं. तेंदूची पानं कापणं, तंबाखू भरणं, दोरा बांधणं, हे बायका घरी बसून करतात. मूल शेजारीच असतं, म्हणून बाहेरून पाहणाऱ्याला वाटतं की इथे तर अडचण नाही. प्रत्यक्षात सूप मांडीवर असतं, मूल मांडीवर येऊ शकत नाही. चोखणी जमिनीवर पडते, तंबाखूच्या बोटांनीच उचलली जाते आणि पुन्हा तोंडात जाते. १९६६ च्या विडी-सिगार कामगार कायद्यात पाळणाघराचं कलम होतं, ते कारखान्यासाठी होतं. घरी विड्या वळणारी बाई त्यात येत नव्हती.

अंगणवाडी आहे ना, असं आपण विचाराल. आहे, आणि आमच्या अंगणवाडीतल्या दीदी मनापासून काम करतात. पण अंगणवाडीत मुलांना बसवून घेतात ते तीन ते सहा वर्षांच्या. तीन वर्षांच्या आतल्या मुलाला घरी न्यायचं पाकीट मिळतं, महिन्याला वजन होतं, लसीची आठवण मिळते. त्याला दिवसभर कडेवर घेणारं कुणी नसतं. नेमकं चोखणीच्या वयाचं बाळ आपल्या सगळ्या यंत्रणेत आईच्या खांद्यावर सोडून दिलेलं आहे. म्हणून बांधावर झोळी आणि झोळीत चोखणी.

अफूशी चोखणीची बरोबरी मी करत नाही. अफूनं बाळं मेली, चोखणी नीट वापरली तर काही होत नाही. पण दोन्हींच्या मागे एकच रिकामी जागा आहे आणि ती शंभर वर्षांत शेतमजूर बाईच्या बाबतीत भरलेली नाही.

ती भरता येते, याची उदाहरणं दूर नाहीत. १९६९ साली दिल्लीत राजघाटाजवळ गांधी जन्मशताब्दीचं बांधकाम चालू असताना मीरा महादेवन यांनी मजुरांच्या मुलांना उन्हात मातीत पडलेलं पाहिलं आणि तिथेच तंबूत पाळणाघर सुरू केलं. त्यातून ‘मोबाईल क्रेशेस’ ही संस्था उभी राहिली. बांधकाम हललं की पाळणाघर हलायचं. आपल्या शेजारी छत्तीसगडात, बिलासपूरजवळच्या गनियारीत ‘जन स्वास्थ्य सहयोग’च्या डॉक्टरांनी सहा महिने ते तीन वर्षांच्या मुलांसाठी गावागावांत फुलवारी सुरू केली. गावातलीच बाई, गावातलंच घर, दिवसातून अनेक वेळा खाऊ. पुढे राज्य सरकारनंही फुलवाऱ्या काढल्या. २००५ च्या रोजगार हमी कायद्यात तर लिहूनच ठेवलं होतं की कामावर सहा वर्षांखालची पाच किंवा जास्त मुलं असतील तर त्यांना सांभाळायला एका मजूर बाईलाच नेमावं आणि तिला मजुरी द्यावी. किती साधी, किती शहाणी तरतूद! खासगी शेतावर ती लागू नव्हती, आणि शहपुऱ्याचा मटार खासगी शेतांवर पिकतो.

केंद्राची ‘पाळणा’ योजना १ एप्रिल २०२२ पासून मिशन शक्तीत आहे. अंगणवाडीलाच पाळणाघर जोडायचं, महिन्यातले २६ दिवस, दिवसाला साडेसात तास, सहा महिने ते सहा वर्षांची जास्तीत जास्त २५ मुलं. देशभर अशी १७,००० केंद्रं करायचं ठरलं आहे. मला आपल्याकडून हेच हवं आहे. जबलपूर जिल्ह्याच्या वाट्याला जी केंद्रं येतील ती शहरातल्या वस्त्यांपुरती न ठेवता शहपुरा आणि पाटणच्या मटाराच्या गावांतही द्यावीत. वर्षभर चालवणं जमत नसेल तर निदान नोव्हेंबर ते फेब्रुवारी चालवावीत. तास शेताच्या वेळेनं ठेवावेत. सकाळी दहाला उघडणारं पाळणाघर पहाटे निघालेल्या बाईच्या काही कामाचं नाही.

सहा महिन्यांखालचं बाळ या योजनेत बसत नाही, हेही मला दिसतं. त्याच्यासाठी वेगळी सोय हवी. शेताजवळ सावलीची एक जागा, गावातलीच एखादी जाणती बाई, आणि तोडणीच्या मध्ये दोन-तीन वेळा आईला जाऊन पाजून येण्याची मुभा, तेवढ्या वेळाची मजुरी न कापता. यासाठी शेतकऱ्यांशी बोलावं लागेल. शहपुऱ्याचे शेतकरी निर्दय नाहीत. त्यांच्याही घरी सुना आहेत. व्यापाऱ्याची गाडी संध्याकाळी उभी असते आणि माल भरून द्यावा लागतो, हे त्यांचं म्हणणं खोटं नाही. पण मंडी समितीनं पुढाकार घेतला तर गावाची मिळून एक जागा होऊ शकते. पोती ठेवायला शेड मिळते, तर झोळी टांगायलाही मिळावी.

चोखणीबद्दलही दोन गोष्टी आपल्या हातात आहेत, किंवा आपण केंद्राला लिहिलंत तर होऊ शकतील. बाळांचं डब्यातलं दूध, दुधाच्या बाटल्या आणि बाळांचे खाद्यपदार्थ यांच्यावर १९९२ चा कायदा आहे. तो २००३ साली आणखी कडक झाला. या वस्तूंची जाहिरात करता येत नाही, आयांना नमुने वाटता येत नाहीत, डब्यावर आईचं दूधच उत्तम असं छापावं लागतं. हा कायदा आपल्या देशाची मोठी कमाई आहे. पण त्यात बाटलीची आणि बाटलीला लागणाऱ्या बोंडीची व्याख्या आहे. सुटी चोखणी त्या व्याख्येत येत नाही. दूध विकणाऱ्या कंपनीला जे करता येत नाही ते चोखणी विकणाऱ्याला खुशाल करता येतं. ती त्या कायद्याच्या छायेत आणावी. अमेरिकेत १९७८ पासून चोखणीच्या तबकडीला हवेची भोकं हवीत, ओढून तुटता कामा नये, दोरी लावून विकायची नाही आणि गळ्यात बांधू नका असा इशारा छापलाच पाहिजे, असा नियम आहे. आपल्याकडे १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांवर आयएसआयचं चिन्ह लागतं. तितकीच काळजी जी वस्तू चोवीस तासांतले कित्येक तास बाळाच्या तोंडात असते तिचीही घ्यावी. आमच्या बाजारातली दोऱ्यात ओवलेली चोखणी उद्या बंद झाली तरी मला आनंद होईल. झोळीत उलटंपालटं होणाऱ्या बाळाच्या गळ्यात दोरा अडकायला एक क्षण पुरतो.

दुसरी गोष्ट बोलण्याची आहे. केंद्राचा ‘माँ’ कार्यक्रम ऑगस्ट २०१६ मध्ये सुरू झाला. त्यात आशा दीदी आयांना स्तनपानाबद्दल समजावतात. तिथे चोखणीचा विषय निघाला तर बहुधा ‘देऊ नका’ एवढ्यावर संपतो. आई मान हलवते आणि दुसऱ्या दिवशी देते, कारण तिला शेतावर जायचं असतं. त्याऐवजी तिला खरं सांगावं. पहिला महिना नको. बाळ हात तोंडात घालू लागलं, ओठ चाटू लागलं, मान वळवून शोधू लागलं की ती भूक आहे, रडणं तर फार उशिरा येतं. तेव्हा आधी दूध. मध वर्षभर नाही. दोरा नाही. रोज उकळून घ्यायची. आणि बाळाचं वजन दोन महिने वाढलं नाही तर चोखणी बंद करून लगेच दाखवायला यायचं. या चार-पाच वाक्यांचं एक चित्रपत्रक बुंदेली वळणाच्या हिंदीत काढलं तर प्रत्येक दीदीला ते उपयोगी पडेल. सांगताना आईला दोष देऊ नये, ही माझी कळकळीची विनंती आहे. अफूच्या काळात आयांना फार दोष देऊन झाला.

शहरातल्या मराठी घरांनाही दोन शब्द लिहायचे होते, ते इथेच लिहिते. जबलपूरच्या सुनेनं नोकरी सांभाळून बाळाला झोपताना चोखणी दिली तर सासूबाईंनी तिच्यावर सवय लावल्याचा शिक्का मारू नये. आणि सुनेनं, घरात आजी-आजोबा असताना, त्यांच्या कडेवरच्या आणि अंगाईच्या वेळा चोखणीला देऊ नयेत. ज्या घरात बाळ घेणारे चार हात आहेत त्या घराला हा प्रश्न सोपा आहे. आपल्यापैकी बहुतेकांना तो सोपाच आहे, हे आपण मान्य करावं आणि ज्यांना तो अवघड आहे त्यांच्यासाठी बोलावं.

महोदया, मटाराची तोडणी नोव्हेंबरात सुरू होते. त्याआधी शहपुरा विकासखंडातल्या कोणत्या अंगणवाड्या ‘पाळणा’ योजनेत घेतल्या आहेत, त्यांची नावं आणि तास तहसील कचेरीच्या व प्रत्येक पंचायतीच्या फलकावर लावण्याचा आदेश आपण द्यावा. एकही घेतलेली नसेल तर तेही तसंच लिहून लावावं, म्हणजे आम्ही गावातल्या बायका येत्या ग्रामसभेत जागा, माणूस आणि भाड्याची सोय काय होऊ शकते याचा ठराव करून आपल्याकडे पाठवू.

आपली,
शहपुऱ्यातली एक निवृत्त शिक्षिका